लिटर देऊन वॅट घेतले : गाडीतल्या सबवूफरच्या खोक्याचा इतिहास

आजचा विषय फलकावर वाचून दोघा-तिघांनी बाहेर विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानमालेत हे डिक्कीतलं धडधडणारं खोकं कुठून आलं? प्रश्न रास्त आहे. पण ज्या वस्तूंचा आपल्याला त्रास होतो किंवा ज्यांचं फार वेड लागतं, त्यांचा इतिहास आपण बहुधा विचारत नाही. या खोक्याला चांगला शंभर वर्षांचा इतिहास आहे. त्यात पेटंटचे खटले आहेत, एका गृहिणीचं शिवणकाम आहे आणि दहा वर्षं जवळजवळ कुणी न वाचलेला एक शोधनिबंध आहे.

सुरुवात आमच्याच फजितीपासून करतो. 1990 च्या दशकात आम्ही तिघा मित्रांनी मिळून एकाच्या मारुती 800 मध्ये सबवूफर बसवायचं ठरवलं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून बारा इंची स्पीकर आणला. सोबत एक ॲम्प्लिफायर. त्यावर ठळक सोनेरी अक्षरांत 1000 वॅट. डिक्की केवढी, ते टेपने मोजलं, सुताराला माप दिलं आणि त्याने प्लायवुडचा सुबक खोका करून दिला. खोक्याचं माप डिक्कीने ठरवलं, स्पीकरने नाही, हे लक्षात ठेवा. वाजवून पाहिलं, तर तबला, ढोलक, बास गिटार, सगळ्यांतून एकच सूर येऊ लागला, ‘धुम्’. खालचे सूर गायबच. मग आम्ही काय केलं? ॲम्पवरचं ‘बास बूस्ट’ नावाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. पंधरा दिवसांत गाडीत जळक्या वार्निशचा वास आला आणि स्पीकर मेला. दुकानदाराने सांगितलं, “साहेब, ॲम्प लहान पडला, मोठा घ्या.” घेतला नाही, कारण पैसेच नव्हते. तो खोका पुढे बरीच वर्षं मित्राच्या घरी कांदे ठेवायला कामी आला.

चूक नेमकी काय झाली होती, हे समजायला आम्हांला काही वर्षं लागली. ते समजून घेताना हा इतिहास हाती लागला.

आधी एक साधी गोष्ट. स्पीकरचा कागदी पडदा, ज्याला आपण कोन म्हणतो, पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. खालच्या सुरांत ही पुढची आणि मागची हवा कडेने वळून एकमेकींना भेटतात आणि एकमेकींना खोडून काढतात. म्हणून उघडा स्पीकर हातात धरून वाजवला तर चिरका वाजतो. खोका हा शोभेचा किंवा स्पीकर उभा करायचा नाही. मागचा आवाज अडवायला, नाहीतर वळवून वापरायला आहे. आजच्या पद्धतीचा, कॉइल आणि कोन असलेला स्पीकर जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी 1925 साली मांडला, तेव्हाच त्यांना हे माहीत होतं. त्यांनी स्पीकर मोठ्या फळीत बसवला होता.

पण तेव्हाचा काळ कसा होता ते पाहा. वीज होती, पण वॅट महाग होते. काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारे ॲम्प्लिफायर फार थोडे वॅट देत. 1927 नंतर बोलपट आले, तेव्हा मोठमोठी थिएटरं आजच्या एखाद्या टीव्हीच्या स्पीकरला लागेल एवढ्याच विजेवर भरून काढायची होती. मग उपाय काय? कर्णे. माणसाच्या उंचीचे, काही त्याहून मोठे. कर्णा वीज वाचवतो, पण जागा खातो. 1940 च्या दशकात पॉल क्लिप्श यांनी घरासाठी असा कर्णा केला, की जो खोलीच्या कोपऱ्यात दुमडून बसायचा आणि कोपऱ्याच्या भिंतीच कर्ण्याचा पुढचा भाग व्हायच्या. युक्ती झकास, पण तुमच्या घराचा एक कोपरा कायमचा गेला. त्याच्या अलीकडे, 1932 साली, बेल प्रयोगशाळेतल्या अल्बर्ट थुरास यांना दुसऱ्या एका युक्तीचं पेटंट मिळालं: खोक्याला एक नळी द्यायची, म्हणजे आतली हवा बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखी घुमते आणि खालच्या सुरांना मदत करते. आज ज्याला आपण ‘पोर्टेड बॉक्स’ म्हणतो तो हाच. फक्त नळी किती लांब, किती रुंद, खोका केवढा, हे नक्की कसं ठरवायचं, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. तीस वर्षं लोक करवतीने नळी कापत आणि कान लावून ऐकत.

या सगळ्यांत एक सौदा आहे, आणि आजच्या आपल्या गोष्टीचा कणा तोच आहे. तुम्हाला तीन गोष्टी हव्या असतात: खोका लहान हवा, सूर खोलवर जायला हवा, आणि थोड्या विजेत मोठा आवाज हवा. यातल्या दोन मिळतात, तिसरी सोडावी लागते. हा नियम जे. अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जातो. प्रसिद्ध पियानोवादक योझेफ हॉफमन यांचे हे चिरंजीव, आणि वडीलसुद्धा स्वतः पेटंटं घेणारे संशोधक होते! या नियमाला ‘लोखंडी नियम’ म्हणतात, आणि ते नाव अगदी सार्थ आहे. गणितात सांगायचं तर कार्यक्षमता ही खोक्याच्या आकारमानाच्या आणि सर्वांत खालच्या सुराच्या कंपनसंख्येच्या घनाच्या प्रमाणात असते. घन शब्दाकडे लक्ष द्या. खोका निम्मा केलात आणि नवा स्पीकर घडवून सूर तितकाच खोल ठेवलात, तर तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॅट लागतील. पण खोका तोच ठेवून 40 हर्ट्झऐवजी 20 हर्ट्झपर्यंत उतरायचं म्हटलं, तर आठपट. कंपनी कोणतीही असो, किंमत कितीही असो, या हिशेबातून सुटका नाही.

म्हणून आम्ही या इतिहासाला ‘लिटर देऊन वॅट घेण्याचा’ इतिहास म्हणतो. आणि हा सौदा उघड्या डोळ्यांनी करणारा माणूस म्हणजे एडगर व्हिल्चर.

व्हिल्चर न्यूयॉर्क विद्यापीठात ध्वनीच्या पुनर्निर्मितीवर वर्ग घ्यायचे आणि वूडस्टॉक नावाच्या गावात राहायचे. तोवर प्रत्येक चांगल्या वूफरच्या कोनाला कडेने घट्ट कडा आणि मागे जाळीदार चकती असायची; कोनाला परत जागेवर आणणारी स्प्रिंग तीच. व्हिल्चर यांच्या लक्षात आलं, की ही कापडाची आणि कागदाची स्प्रिंग फार वाईट असते. थोडी ताणली तर ठीक, जास्त ताणली की वेडीवाकडी वागते आणि आवाज फाटतो. याउलट बंद डब्यातली हवा! सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने दाबून दांडा ढकला, किती सरळ, एकसारखा विरोध करते. मग त्यांनी उलटा विचार केला: कोनाची स्वतःची स्प्रिंग जवळजवळ काढूनच टाकायची, कोन अगदी सैल लोंबता ठेवायचा, खोका पूर्ण बंद करायचा आणि स्प्रिंगचं काम आतल्या हवेकडे सोपवायचं. सैल कडा बाजारात मिळत नव्हती. त्यांच्या पत्नी रोझमेरी यांनी गादीच्या अभऱ्याच्या कापडाची कडा स्वतः बेतून शिवून दिली. ध्वनिशास्त्राच्या पुस्तकांत हे नाव क्वचित येतं, यायला हवं.

ही कल्पना व्हिल्चर यांनी आधी प्रस्थापित कारखानदारांना देऊ केली. कुणी घेतली नाही. मग त्यांचा एक विद्यार्थी पुढे आला, हेन्री क्लॉस. त्याचा मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला स्पीकरचे खोके बनवायचा छोटासा उद्योग होता. दोघांनी 1954 साली ‘अकूस्टिक रिसर्च’ ही कंपनी काढली आणि पहिला स्पीकर आणला, एआर-1. बारा इंची वूफर, आणि खोका किती? पन्नास लिटरच्या आसपास. पुस्तकांच्या फळीवर बसणारा. तोवर असा खोल सूर काढायला फ्रिजएवढं कपाट लागायचं. लोकांनी खोक्याच्या मागे जाऊन दुसरा स्पीकर कुठे लपवलाय का ते पाहिलं असेल तर नवल नाही.

फुकट काही नव्हतं. त्या लोखंडी नियमाप्रमाणे व्हिल्चर यांनी कार्यक्षमता सोडून दिली होती. क्लिप्शचा कर्णा दोन-चार वॅटवर घर दणाणून सोडायचा. एआरच्या खोक्याला वीस-पंचवीस वॅटचा दणकट ॲम्प लागायचा. पण तोवर तसे ॲम्प सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्यात यायला लागले होते. म्हणजे शोध एका माणसाचा असला, तरी त्याची वेळ ॲम्प्लिफायरच्या किमतीने ठरवली होती. पुढे हे पेटंट न्यायालयात टिकलं नाही, कारण आरसीए कंपनीच्या हॅरी ऑल्सन यांनी मिळतीजुळती रचना 1949 च्या पेटंटात मांडलेली निघाली. क्लॉस 1957 मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी माल्कम लो व मघाशी सांगितलेले अँटन हॉफमन यांच्याबरोबर केएलएच कंपनी काढली. केएलएचमधला एच तो हॉफमन.

आता पुढचं पाऊल अमेरिकेत पडलं नाही. ते पडलं ऑस्ट्रेलियात. बंद खोक्याचं गणित तसं सोपं होतं, पण नळीच्या खोक्याचं अजून अंदाजपंचेच चालू होतं. सिडनीला ईएमआय कंपनीत नेव्हिल थील नावाचे अभियंते होते. त्यांना विजेच्या फिल्टरचं शास्त्र चांगलं अवगत होतं. त्यांना दिसलं, की खोक्यातला स्पीकर हा दुसरं-तिसरं काही नसून एक फिल्टरच आहे: कोनाचं वजन म्हणजे एक घटक, कडेची लवचिकता म्हणजे दुसरा, नळीतली हवा तिसरा, खोक्यातली चौथा. आणि फिल्टरचे तक्ते तर तयारच होते! 1961 साली त्यांनी हे एका निबंधात मांडलं आणि 28 प्रकारच्या जुळण्यांचा तक्ता दिला: असा स्पीकर असेल तर असा खोका, अशी नळी, असा सूर. करवत आणि कान यांच्या जागी कागद आणि पेन्सिल आली.

निबंध ऑस्ट्रेलियाच्या रेडिओ अभियंत्यांच्या नियतकालिकात छापला गेला, आणि जगाने त्याकडे दहा वर्षं फारसं पाहिलंच नाही. मग सिडनी विद्यापीठात डॉक्टरेट करायला आलेल्या रिचर्ड स्मॉल यांनी हा धागा पकडला. थील यांचा निबंध 1971 मध्ये अमेरिकेच्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात पुन्हा छापला गेला, आणि लगेच 1972-73 मध्ये स्मॉल यांची लेखमाला तिथेच आली. त्यानंतर स्पीकर बनवणारे आपल्या कागदावर काही आकडे छापू लागले. आज दुकानातल्या कोणत्याही बऱ्या सबवूफरच्या पेटीत ते आकडे असतात आणि त्यांना ‘थील-स्मॉल पॅरामीटर’ म्हणतात. म्हणजे बघा, दोन माणसांची नावं डिक्कीतल्या प्रत्येक खोक्याला चिकटलेली आहेत आणि डिक्कीवाल्याला ती ठाऊक नाहीत.

त्यातले तीन आकडे आपल्या कामाचे. एफएस म्हणजे स्पीकर मोकळा असताना ज्या कंपनसंख्येला आपसूक झुलतो ती. क्यूटीएस म्हणजे झुलायला लागल्यावर तो किती लवकर आवरतो. आकडा लहान, तर आवर घट्ट. आणि तिसरा व्हीएएस, हा लिटरमध्ये असतो म्हणून लोक फसतात. त्यांना वाटतं, हेच खोक्याचं माप. तसं नाही. जेवढ्या लिटर हवेची स्प्रिंग स्पीकरच्या स्वतःच्या स्प्रिंगइतकी कडक असते, तेवढे ते लिटर.

आता आमचा तो मेलेला स्पीकर घ्या. त्याचा कागद आम्ही पुढे शोधून काढला: एफएस 28 हर्ट्झ, क्यूटीएस 0.45, व्हीएएस 60 लिटर. बंद खोक्याचा हिशेब असा: व्हीएएसला खोक्याच्या लिटरने भागा, एक मिळवा, वर्गमूळ काढा. जो आकडा येईल त्याने एफएस आणि क्यूटीएस दोन्हींना गुणा. बस. सुताराचा खोका आतून वीस लिटरचा होता. साठ भागिले वीस, तीन, एक मिळवून चार, वर्गमूळ दोन. म्हणजे खोक्यात गेल्यावर 28 चे झाले 56 हर्ट्झ आणि 0.45 चे झाले 0.9. सगळ्यांत सपाट, सरळ आवाज 0.7 च्या आसपास मिळतो, 0.9 ला स्पीकर 56 च्या वर थोडा फुगतो आणि त्याखाली झपाट्याने घसरतो. तोच आमचा ‘धुम्’. खोका चाळीस लिटरचा असता, तर 0.71 आणि 44 हर्ट्झ. म्हणजे दोन-चारशे रुपयांचं जादा प्लायवुड आणि मागच्या सीटवरची थोडी जागा! डिक्कीत मात्र ते मावलं नसतं, हेही खरं.

इथे गाडीचा स्वतःचा इतिहास आड येतो. गाडीत आवाज आला 1930 च्या सुमारास. गॅल्व्हिन बंधूंनी त्या वर्षी मोटरकारसाठी रेडिओ आणला आणि त्याला नाव दिलं ‘मोटोरोला’. पुढे याच नावाची कंपनी झाली. तेव्हा अडचण होती व्होल्टेजची: बॅटरी सहा व्होल्टची आणि व्हॉल्व्हना लागायचे शेकडो व्होल्ट. त्या काळच्या रेडिओत एक थरथरणारी पट्टी असे, ती बॅटरीचा प्रवाह सतत तोडत-जोडत राही आणि ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज वाढवी. ती गुणगुणायचीही. ट्रान्झिस्टर आल्यावर लोकांना वाटलं सुटलो, आता थेट बॅटरीवर चालेल. चाललं, पण वॅटना कुंपण पडलं. इंजिन चालू असताना गाडीत साधारण 14.4 व्होल्ट असतात. तेवढ्यावर चार ओहमच्या स्पीकरला साध्या ॲम्पमधून फार तर साडेसहा वॅट जातात, आणि दोन ॲम्प उलटसुलट जोडून पूल केला तर 26. हे कागदावरचे कमाल आकडे, प्रत्यक्षात कमीच. टेपच्या तोंडावर 50 गुणिले 4 असं लिहिलेलं असतं ना, त्याचं खरं रूप हे.

कुंपण ओलांडायचं तर पुन्हा व्होल्टेज चढवायला हवं. 1970 च्या दशकात तेच झालं. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये जिम फॉसगेट यांच्यासारख्या लोकांनी गाडीसाठी वेगळे, व्होल्टेज चढवणारे पॉवर सप्लाय असलेले ॲम्प बनवायला घेतले. त्या थरथरत्या पट्टीचं काम आता ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा करू लागले. एकदा हे जमल्यावर शंभर काय, हजार काय, बॅटरी आणि अल्टरनेटर पुरतील तेवढे वॅट. 1980 मध्ये रोलँड कंपनीचं टीआर-808 हे तालयंत्र आलं. त्यातल्या ढोलाचा सूर खोल आणि लांब रेंगाळणारा. मायामीच्या आसपास त्यावर अख्खी संगीतशैली उभी राहिली, आणि ते संगीत ऐकायची जागा दिवाणखाना नव्हता, गाडीच होती. जिथे जागा सगळ्यांत कमी, तिथे सगळ्यांत खोल सूर हवा. लोखंडी नियमाप्रमाणे उरली एकच चावी, वॅट. घरातल्या माणसाने पन्नास लिटर द्यायला कुरकुर केली असेल. गाडीवाल्याने वीसच दिले आणि वरचं सगळं बॅटरीतून काढलं.

गाडीने एक गोष्ट मात्र फुकट दिली, ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. काचा बंद केलेली गाडी म्हणजे स्वतःच एक मोठा खोका. ध्वनीची अर्धी लाट गाडीच्या आतल्या लांबीपेक्षा मोठी झाली, म्हणजे साधारण 60 हर्ट्झच्या खाली, की लाट फिरतच नाही. सगळी हवा एकदम दाबली आणि सोडली जाते, आणि सूर जितका खाली तितका दाब वाढत जातो. बंद खोक्याचा आवाज ज्या वेगाने खाली घसरतो, जवळजवळ त्याच वेगाने गाडी त्याला वर उचलते. दारं आणि पत्रे हलतात, फटी असतात, म्हणून पूर्ण नाही मिळत, पण पुष्कळ मिळतं. घरासाठी लिहिलेले थील-स्मॉलचे तक्ते जसेच्या तसे गाडीत वापरले तर बास जरुरीपेक्षा जास्त होतो, तो यामुळे. आमचं मत विचाराल तर गाडीत बंद खोकाच बरा. नळीचा खोका त्याच वॅटमध्ये जास्त वाजतो हे खरं, पण नळी ज्या सुराला लावलेली असते त्याच्या खाली कोनामागची हवा आधार द्यायचं सोडून देते आणि कोन मोकाट सुटतो. शिवाय त्याला लिटरही जास्त लागतात, आणि तेच आपल्याकडे नाहीत.

आता वॅट आणि खोक्याची जोडी. पेटीवर ‘300 वॅट’ लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा फक्त उष्णतेचं माप असतं: कॉइल इतकी वीज जळून न जाता पचवेल. स्पीकर पचवतो म्हणजे काय करतो? तर साधारण शंभरातला एक वॅट, कधी अर्धाच, आवाजात बदलतो. बाकी सगळी उष्णता. 300 वॅटचा सबवूफर म्हणजे मूठभर तांब्यात भरलेली छोटीशी शेगडीच की. आणि तापलेल्या तांब्याचा रोध वाढतो. 250 अंशांनी तापलं तर जवळपास दुप्पट. म्हणजे बटण फिरवत राहाल तसा आवाज वाढायचा थांबतो, वास वाढतो.

दुसरी मर्यादा यांत्रिक, कोन किती सरकू शकतो त्याची, आणि ती खोक्यावर अवलंबून असते. लहान खोक्यात हवेची स्प्रिंग कडक, कोन कमी सरकतो. आमचाच स्पीकर वीसऐवजी ऐंशी लिटरमध्ये घातला असता, तर अगदी खालच्या सुरांत तो एक पंचमांश वॅटमध्येच आपल्या मर्यादेला पोचला असता. म्हणून ‘या स्पीकरला किती वॅटचा ॲम्प?’ या प्रश्नाला खोक्याशिवाय उत्तर नाही. मोठा खोका, थोडे वॅट. लहान खोका, पुष्कळ वॅट, पण मग कॉइल तापणार. दुकानात हा प्रश्न विचारला की लगेच एक आकडा सांगतात. समोरच्याने आधी खोक्याचं माप विचारलं, तर समजावं माणूस जाणता आहे.

मग आमचा स्पीकर कशाने मेला? ॲम्प लहान होता म्हणून? त्या सोनेरी हजाराखाली बाजूला एक फ्यूज होता, 20 अँपिअरचा. 14.4 गुणिले 20, म्हणजे 288 वॅट. एवढी तर बॅटरीतून येणारी वीज. जुन्या पद्धतीच्या ॲम्पमध्ये त्यातली निम्मी उष्णतेत जाते. उरले दीडशेच्या आसपास. त्यावर आम्ही बास बूस्ट फिरवलेलं, 12 डेसिबल. बारा डेसिबल म्हणजे सोळापट वॅटची मागणी! ॲम्प देणार कुठून? त्याने लाटेचे शेंडे कापून चौकोनी लाट पाठवली, आणि चौकोनी लाटेत तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेपेक्षा दुप्पट उष्णता असते. म्हणजे दुकानदाराचं म्हणणं अर्धं खरं होतं. पण वॅट कमी पडले ते खोक्याचे वीस लिटर कमी पडले म्हणून. न मिळणारा सूर आम्ही विजेने ओढून काढू पाहत होतो.

हे खोटे हजार आले कुठून? अमेरिकेत 1974 पासून घरगुती ॲम्पचे वॅट कसे मोजायचे याचा सरकारी नियम आहे, कारण तोवर तिथेही जाहिरातीत कुणी काहीही छापत असे. पण तो नियम घरापुरता. गाडी त्यातून सुटली. गाडीच्या ॲम्पसाठी तिथल्या उद्योगाने स्वतःहून मापदंड ठरवला तो 2003 मध्ये: 14.4 व्होल्ट, चार ओहम, एक टक्क्याच्या आत विकृती. मधली जवळजवळ तीस वर्षं आकड्यांना धरबंध नव्हता. आपल्याकडे तर ‘पीएमपीओ’ हे दैवतच होतं. 1990 च्या दशकात सहा सेलवर चालणाऱ्या टू-इन-वनवर 1200 वॅट पीएमपीओ लिहिलेलं आपल्यातल्या अनेकांनी पाहिलं असेल. (हशा) हसू येतं, पण तो आकडा बघूनच आपण वस्तू घेतली होती. फ्यूज मात्र खोटं बोलत नाही. ॲम्प घेताना आधी तो बघा.

शेवटी कानाविषयी बोलतो. खोल सुरांची एक लबाडी आहे. ध्वनिप्रदूषणाचं मोजमाप आपण ज्या ‘ए’ पट्टीवर करतो, ती पट्टी माणसाच्या कानाप्रमाणे खालचे सूर कमी धरते: 50 हर्ट्झला सुमारे 30 डेसिबल वजा. आपल्याकडच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 ची मर्यादा आहे, ती याच पट्टीवर. म्हणून मिरवणुकीतल्या भिंतीसमोर छातीत धडधडतं, खिडक्या थरथरतात आणि त्या मानाने मीटरवरचा आकडा तेवढा भयंकर दिसत नाही. बंद गाडीत हेच, फक्त दोन हातांवर. आणि बास एकटा कधीच वाजत नाही. तो वाढला की बाकीचे सूर त्याच्या बरोबरीला आणले जातात. कामाच्या जागी आठ तास 85 डेसिबल ही शिफारस केलेली मर्यादा मानतात, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. 100 डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. मारुतीच्या मालकाला, म्हणजे आमच्या त्या मित्राला, आज उजव्या कानात सतत शिट्टी ऐकू येते. गाडीमुळेच, असं डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाहीत. तोही सांगत नाही. पण मुलाने सबवूफरचा विषय काढला की तो उठून बाहेर जातो.

एडगर व्हिल्चर यांचं पुढे काय झालं, ते राहिलं. 1967 मध्ये त्यांनी कंपनी विकली आणि घरच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या विषयाला हात घातला: श्रवणयंत्रं. ज्यांचे कान बिघडलेत त्यांना हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज एकदम असह्य होतो, ही त्यांची अडचण. व्हिल्चर यांनी वेगवेगळ्या सुरांना वेगवेगळं दाबायची रीत शोधली आणि 1973 मध्ये ती छापून मोकळी केली. पेटंट घेतलं नाही. आजच्या बहुतेक श्रवणयंत्रांत तीच रीत आहे. ते 2011 साली वारले.

आता ज्यांनी आपापल्या स्पीकरचे कागद आणले आहेत, त्यांनी पुढे या. एफएस, क्यूटीएस, व्हीएएस आणि डिक्कीची लांबी-रुंदी-उंची एवढं पुरे. गणित फळ्यावर मांडू.